नकाशा मोफत झाला. वर्गात केव्हा येणार?

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील दहावीची परीक्षा जवळजवळ पार पडली होती. २३ मार्चला व्हावयाचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता. साथीमुळे तो आधी पुढे ढकलण्यात आला आणि एप्रिलमध्ये रद्दच करण्यात आला. इतर विषयांतील गुणांच्या सरासरीवरून विद्यार्थ्यांना भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या विषयाचे गुण गणित, विज्ञान आणि भाषा यांच्या सरासरीने ठरविता येतात आणि तसे ठरविल्याबद्दल फारशी हळहळही व्यक्त होत नाही, त्या विषयाचे शाळेतील स्थान कोणते, हे त्या निमित्ताने उघड झाले. विद्यार्थी सुटले, पालक निश्चिंत झाले आणि भूगोलाचे शिक्षक मुकाट्याने पुढील वर्षाच्या तयारीला लागले.

विरोधाभास असा की, याच सुमारास भूगोलाच्या अभ्यासाची साधने इतिहासात कधी नव्हती इतकी सुलभ झाली होती. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. कंपनी सरकारला महसूल आणि लष्कर यांच्या सोयीसाठी नकाशे हवे होते, म्हणून हा विभाग जन्माला आला. आणि नकाशा ही सरकारने जपून ठेवावयाची वस्तू आहे, ही समजूत स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळ टिकून राहिली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी वेगळी आणि सर्वसामान्यांसाठी वेगळी अशा दोन नकाशामालिका केल्या. २०१७ साली यातील खुल्या मालिकेची पन्नास हजारास एक या प्रमाणाची पत्रके संगणकावर विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर केंद्र सरकारने भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे व भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अटच काढून टाकली. अडीचशे वर्षांची सवय इतक्या निमूटपणे मोडली जाईल, असे कोणाला वाटले नसते.

बाहेरच्या जगातही हेच घडत होते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची छायाचित्रे २००८ साली सर्वांना मोफत खुली झाली. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारच्या साह्याने घेतलेली पृथ्वीच्या उंचसखलपणाची मोजमापे आता तीस मीटरच्या अंतराने मिळतात. युरोपचे सेंटिनेल उपग्रह तेच शेत दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या बारकाईने टिपतात. आपल्याकडे इस्रोने २००९ साली ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. ही सारी सामग्री जुळवून नकाशा काढण्याची क्यूजीआयएस ही संगणकप्रणालीही विनामूल्य आहे. पूर्वी महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात कडा फाटलेले एकच स्थलनिर्देशक पत्रक वर्षानुवर्षे पुरविले जाई. ते बहुधा कुठल्या तरी दूरच्या, कधी न पाहिलेल्या मुलखाचे असे, आणि विद्यार्थी त्यावरच्या समोच्चरेषा गिरवून गुण मिळवीत. आज नाशिकच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाचे पत्रक समोर घेता येते. हा फरक केवळ सोयीचा नाही.

नाशिकच्याच बाबतीत तो किती मोठा आहे, हे पाहण्यासारखे आहे. विसावे उत्तर अक्षवृत्त या शहरातून जाते. पंचवटी त्याच्या किंचित उत्तरेस, नाशिकरोड दक्षिणेस. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार त्यामुळे शहराची दोन पत्रकांत फाळणी झाली आहे: वरचा भाग ४६ एच/१६ मध्ये, खालचा ४७ ई/१३ मध्ये. ही दोन पत्रके एकमेकांना चिकटवून रामकुंडापासून नाशिकरोडपर्यंतची वाट बोटाने काढावयास सांगितली, तर अक्षवृत्त म्हणजे काय हे सातवीतल्या मुलालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुस्तकातील व्याख्या पाठ करूनही जे समजत नाही, ते अशा एका तासात समजते.

त्याहून मोलाची गोष्ट पाण्याची. उंचीच्या मोजमापांवरून संगणक जलविभाजक रेषा काढून देतो. नाशिक जिल्ह्यावर ती काढली की, एकाच जिल्ह्याचे पाणी तीन दिशांना जाताना दिसते. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेस निघते आणि १४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच डोंगररांगेतील वैतरणा पश्चिमेस वळते आणि इगतपुरी तालुक्यात अडविलेले तिचे पाणी मुंबईची तहान भागविते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील नार, पार, दमणगंगा यांचे पाणी गुजरातमार्गे अरबी समुद्रात जाते, तर गिरणा मालेगावावरून खानदेशात उतरून तापीला मिळते. पावसाचेही तसेच. इगतपुरीला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि येवल्याकडे पाचशेच्या घरात. दीडशे किलोमीटरांच्या आत हे सारे घडते. पर्जन्यछायेचे याहून चांगले उदाहरण शोधण्यासाठी पाठ्यपुस्तकाची पाने उलटण्याची गरज नाही.

हे ज्ञान परीक्षेपुरतेही नाही. दरवर्षी पावसाळा संपत आला की, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे की नाही यावर वाद पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आणि त्यानंतर २०१३ साली मेंढेगिरी समितीने सुचविलेला, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरून पाणी सोडण्याचा निकष, हे त्या वादाचे आधार राहिले आहेत. मोर्चे निघतात, पत्रके निघतात. परंतु जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र कोठून सुरू होते, दारणा आणि गंगापूर यांचा त्यातील वाटा कोणता, हे नकाशावर दाखवा म्हटले, तर दोन्ही बाजूंचे किती वक्ते ते दाखवू शकतील, याची शंकाच आहे. धरणांतील साठ्याचे आकडे शासकीय संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. बारावीच्या वर्गाने जुलै ते ऑक्टोबर हे आकडे लिहून त्यांचा आलेख काढला, तर त्या वर्गातून बाहेर पडणारा मतदार निदान आकड्यांवरून भांडेल. नाशिकचा मुलगा आणि पैठणचा मुलगा दोघांनीही एकच नकाशा काढला, तर निकालही कदाचित निराळा लागेल.

तसेच नांदूरमध्यमेश्वरचे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाण्यात बेटे तयार झाली, पक्षी आले. आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. धरणातील गाळ शेतकऱ्याचे नुकसान करतो आणि पक्ष्यांना घर देतो, ही गुंतागुंत शब्दांनी शिकविणे कठीण. १९८४ पासूनची उपग्रहचित्रे एकापाठोपाठ एक दाखविली की, फारसे बोलावे लागत नाही.

मात्र या साधनांकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग असतात आणि साधे उपग्रहचित्र पांढऱ्या डागांपलीकडे काही दाखवीत नाही. रडारने मोजलेली उंची दाट रानात जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची असू शकते. परदेशी संकेतस्थळांवर काश्मीरची सीमा अनेकदा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. तो नकाशा तसाच छापून वर्गात वाटणे योग्य नाही. सर्वेक्षण विभागाचे आराखडे मिळत असताना तशी गरजही नाही. गावांच्या नावांचे तर विचारूच नये. १८८३ चे नाशिकचे इंग्रजी गॅझेटियर आज घरबसल्या वाचता येते आणि ते वाचलेच पाहिजे; पण त्यात ‘पेंट’ हे संस्थान आढळले, तर ते आपले पेठ आहे हे सांगावयास शिक्षकच हवा. जनगणनेची गावनिहाय पुस्तके अशीच उपयुक्त. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. २०२१ ची गणना वेळेवर झाली नाही, म्हणून या आकड्यांवरून काढलेल्या प्रत्येक नकाशावर ‘२०११’ हे साल ठळक लिहिण्याची शिस्त विद्यार्थ्याला लावणे अगत्याचे आहे.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा भेद लक्षात घ्यावा लागतो. वस्तूची किंमत शून्य झाली म्हणजे तिचा खर्च शून्य होत नाही. नकाशा मोफत आहे, पण तो उतरवून घेण्यास वीज, यंत्र आणि जोडणी लागते, आणि सुरगाण्याच्या पाड्यावर या तिन्हींचा भरवसा नसतो. त्याहून दुर्मीळ आहे तो शिक्षकाचा वेळ. आठवड्याचे दोन-तीन तास, त्यात मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे. शिवाय अनेक शाळांत भूगोल शिकविणारा शिक्षक मुळात इतिहासाचा किंवा भाषेचा पदवीधर असतो. त्याला ‘सर्व काही इंटरनेटवर आहे’ असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला समुद्र दाखविण्यासारखे आहे.

भाषेचाही खर्च आहेच. देहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणाचे उत्तम अभ्यासक्रम विनामूल्य चालविते. ते इंग्रजीत असतात. निफाडचा विद्यार्थी मात्र परीक्षा मराठीत देतो. मराठीची बाजू अगदीच रिकामी आहे असे नाही. बालभारतीची पुस्तके संगणकावर मिळतात आणि १९७६ पासून खंडाखंडाने निघालेला मराठी विश्वकोश आज कोणालाही विनामूल्य चाळता येतो. भूगोलाची घडलेली, वापरून गुळगुळीत झालेली परिभाषा त्यात आहे. पण नकाशा स्वतः कसा काढावा, हे पायरीपायरीने सांगणारी सोपी मराठी पुस्तिका शिक्षकाच्या हाती असणे वेगळे. दूरशिक्षणासाठीच १९८९ साली स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्या शहरात अशी पुस्तिका तयार होणे अवघड नसावे.

तोपर्यंत तालुक्याच्या गावी एखाद्या शिक्षकाने जिल्ह्याची पत्रके, काही निवडक उपग्रहचित्रे आणि पावसाचे आकडे एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावेत आणि केंद्राच्या मासिक सभेत ती सर्वांना द्यावीत, इतके सहज होऊ शकते. जोडणी नसलेल्या शाळेत छापील पत्रकही तेवढेच काम करते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेच्याच हाती असतात. त्यांतील थोडे स्वतःच्या गावाच्या नकाशासाठी राखून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. सिन्नरच्या मुलाने देवनदी काढावी, कळवणच्या मुलाने गिरणा काढावी, नदीच्या काठची विहीर आणि उसाचे शेत दाखवावे, आणि नकाशाच्या कोपऱ्यात दिशा, प्रमाण व साल लिहावे.