राष्ट्रपती कारणे देतात तेव्हा

ऑक्टोबर १९९७ मध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. अशी शिफारस राष्ट्रपती भवनातून परत येण्याची ही पहिलीच वेळ होती. मंत्रिमंडळाला ती पुन्हा पाठवता आली असती, आणि तसे झाले असते तर सही करण्यावाचून राष्ट्रपतींना गत्यंतर नव्हते. पण सरकारने माघार घेतली. ज्या पदाला लोक सर्रास ‘रबरी शिक्का’ म्हणतात, त्या पदाने सरकारला निर्णय बदलायला लावला. हे कशाच्या बळावर घडले? नारायणन यांची १९९७ ते २००२ ही पाच वर्षे नीट तपासली तर याचे उत्तर मिळते. आपल्या राष्ट्रपतींचे खरे सामर्थ्य नकार देण्याच्या अधिकारात नाही. सरकारला कारण विचारणे आणि आपल्या निर्णयामागचे कारण लोकांसमोर मांडणे, यात ते आहे. नारायणन यांनी जिथे कारणे उघड केली तिथे हे पद परिणामकारक ठरले. जिथे ती बंद पाकिटात राहिली तिथे ते अपुरे पडले.

आधी या पदाची चौकट पाहू. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते की, भारताच्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राज्यकारभार करणार नाहीत. १९७५ साली या चौकटीची सर्वांत वाईट बाजू देशाने पाहिली. २५ जूनच्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती. मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. आणीबाणीचा धडा घेऊन जनता सरकारच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि तिने अनुच्छेद ७४ मध्ये एक छोटी तरतूद घातली : राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतात, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांना मानावाच लागतो. कायद्याने दिलेले शस्त्र एवढेच. नारायणन यांच्या आधी राष्ट्रपती राजवटीच्या बाबतीत ते कोणी वापरले नव्हते.

नारायणन २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती झाले. केरळमधील उळवूर या खेड्यातल्या अत्यंत गरीब दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४४-४५ मध्ये मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे बातमीदार असताना त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतली होती. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिक्षण, परराष्ट्र सेवा, चीन आणि अमेरिकेतील राजदूतपद, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरुपद, खासदारकी आणि उपराष्ट्रपतिपद असा त्यांचा प्रवास झाला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत टी. एन. शेषन यांच्याविरुद्ध त्यांना सुमारे ९५ टक्के मते मिळाली. जवळपास सर्व पक्षांचा पाठिंबा असल्यामुळे ते कोणा एकाचे ऋणी नव्हते. शिवाय काळ आघाड्यांचा होता. त्यांच्या कारकिर्दीत लोकसभा दोनदा मुदतीआधी विसर्जित झाली. एकाच पक्षाचे भक्कम बहुमत असते तर राष्ट्रपतींच्या प्रश्नाला इतकी धार आली नसती, हे मान्य केले पाहिजे. पण सरकार दुबळे असताना राष्ट्रपतींनी मनमानी केली असती तर तेही सोपे होते. ती त्यांनी केली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

उत्तर प्रदेशात नेमके काय झाले होते? बहुजन समाज पक्षाने पाठिंबा काढल्यावर मुख्यमंत्री कल्याणसिंह यांना विधानसभेत बहुमत सिद्ध करायला सांगण्यात आले. २१ ऑक्टोबरला सभागृहात हाणामारी झाली, ध्वनिक्षेपक उखडून फेकण्यात आले आणि विरोधकांच्या सभात्यागानंतर कल्याणसिंहांनी २२२ मतांनी ठराव जिंकला. राज्यपाल रोमेश भंडारी यांच्या अहवालावरून केंद्राने राजवटीची शिफारस केली. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, सरकारकडे बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरले पाहिजे. इथे तर सभागृहाने कौल दिलेला होता. नारायणन यांनी हाच मुद्दा पुढे केला. त्यावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे. ते बहुमत काँग्रेस आणि बसपमधून फुटलेल्या आमदारांवर उभे होते आणि त्या आमदारांना खूश करण्यासाठी पुढे नव्वदहून अधिक मंत्र्यांचे मंत्रिमंडळ बनले. मग राष्ट्रपतींनी पक्षांतरालाच संरक्षण दिले, असे म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. पक्षांतरावर उपाय करण्याचे काम विधानसभाध्यक्षांचे, न्यायालयांचे आणि शेवटी मतदारांचे. राष्ट्रपती राजवटीचा अनुच्छेद ३५६ हा त्या रोगावरचा इलाज मानला तर केंद्रातल्या प्रत्येक सरकारला नावडते राज्य सरकार घालवायला निमित्त मिळते. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, राज्यपालांनी रातोरात कल्याणसिंहांना बडतर्फ करून जगदंबिका पाल यांना शपथ दिली, तेव्हा उच्च न्यायालयाने बडतर्फी रोखली आणि सर्वोच्च न्यायालयाने सभागृहातच मोजणी करायला लावली. तिथेही कल्याणसिंहच जिंकले.

हा आग्रह एका पक्षापुरता होता का, याची परीक्षा वर्षभरात झाली. सप्टेंबर १९९८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने बिहारमधील राबडीदेवींचे सरकार बडतर्फ करण्याची शिफारस केली. उत्तर प्रदेशात ज्या भाजपचे सरकार वाचले होते त्याच पक्षाची ही मागणी. नारायणन यांनी तीही परत पाठवली. फेब्रुवारी १९९९ मध्ये मात्र परिस्थिती वेगळी होती. जहानाबाद परिसरात शंकरबिघा आणि नारायणपूर येथे दलितांची हत्याकांडे झाली होती, सरकारने पुन्हा शिफारस केली आणि या वेळी राष्ट्रपतींनी सही केली. कोणी याला विसंगती म्हणेल. मला यात पदाच्या मर्यादेची अचूक जाण दिसते. प्रश्न एकदा विचारून झाला होता. सरकार नव्या घटना आणि नवी कारणे घेऊन परत आले होते. आता जबाबदारी संसदेची होती. संसदेनेही ती पार पाडली. लोकसभेने मंजुरी दिली, पण राज्यसभेत बहुमत मिळणार नाही हे दिसताच सरकारला मार्चमध्ये घोषणा मागे घ्यावी लागली आणि राबडीदेवी परत आल्या. म्हणजे राष्ट्रपतींनी शंका विचारली, मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि अंतिम शब्द संसदेचा राहिला. संविधानाला अपेक्षित असलेला क्रम हाच.

हा प्रश्न विचारला गेला नाही तर काय होते, हे २००५ साली त्याच बिहारबाबत दिसले. राज्यपाल बुटासिंग यांच्या अहवालावरून केंद्राने विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस केली आणि परदेश दौऱ्यावर असलेल्या राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मॉस्कोहून रातोरात मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. कलाम यांची सचोटी वादातीत होती. प्रश्न सचोटीचा नव्हताच. चार दिवस थांबून कारण मागितले असते तर न्यायालयाला जे नंतर म्हणावे लागले ते कदाचित आधीच स्पष्ट झाले असते. उलट टोकाचे उदाहरण ग्यानी झैलसिंग यांचे. १९८६ मध्ये संसदेने मंजूर केलेले टपाल विधेयक त्यांनी सही न करता आणि परतही न पाठवता तसेच ठेवून दिले. नागरिकांची पत्रे उघडण्याचा अधिकार सरकारला देणारे ते विधेयक अडले हे बरेच झाले; पण असे मौन संसदेला उत्तर देण्याची संधीच देत नाही. कारणासह परत पाठवणे हा अधिक प्रामाणिक मार्ग.

सरकार स्थापनेतही नारायणन यांनी हीच रीत पाळली. मे १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता म्हणून वाजपेयींना पाचारण केले आणि ते सरकार तेरा दिवसांत कोसळले. मार्च १९९८ मध्ये पुन्हा त्रिशंकू लोकसभा आली तेव्हा नारायणन यांनी वाजपेयींकडे मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागितली. जयललितांनी पत्राला उशीर केला, चंद्राबाबू नायडूंच्या तेलुगू देसमने तटस्थ राहण्याचे कळवले, आणि हे सारे हिशेबात घेऊन आपण वाजपेयींना का बोलावत आहोत, हे राष्ट्रपती भवनाने निवेदन काढून सांगितले. अशा पत्रांमुळे छोट्या पक्षांना सौदेबाजीची संधी मिळते, ही टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण सौदेबाजी पत्रांमुळे जन्मली नव्हती. ती निकालातूनच आली होती. पत्रांमुळे ती शपथविधीच्या आधी, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली, इतकेच. एप्रिल १९९९ मध्ये जयललितांनी पाठिंबा काढल्यावर राष्ट्रपतींनी वाजपेयींना पुन्हा विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितले आणि १७ एप्रिलला सरकार एका मताने पडले. त्यानंतर सोनिया गांधींनी २७२ सदस्यांचा दावा केला. त्यांच्याकडेही पाठिंब्याचा पुरावा मागितला गेला, मुलायमसिंह यादवांनी साथ दिली नाही आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. दोन्ही बाजूंना एकच माप लावले गेले.

मुख्य आक्षेप तरीही उरतो. राष्ट्रपती थेट जनतेतून निवडून येत नाहीत. मग निवडून आलेल्या सरकारला टोकण्याचा नैतिक अधिकार त्यांना कोणी दिला? २७ जानेवारी २००० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवात, नारायणन यांनी विचारले की, संविधानाने आपल्याला अपयश दिले की आपणच संविधानाला अपयशी ठरवले. वाजपेयी सरकार तेव्हा संविधानाच्या पुनरावलोकनासाठी आयोग नेमण्याच्या तयारीत होते. राष्ट्रपतींनी मर्यादा ओलांडली, असे अनेकांना वाटले. पण त्या भाषणाने सरकारचा कोणताही अधिकार काढून घेतला नाही. न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेलाच. फक्त संविधानाच्या मूलभूत चौकटीला धक्का न लावण्याची मर्यादा त्याच्या कार्यकक्षेत लिहिलेली होती. कारण विचारणारा माणूस सत्ता हिसकावत नाही, सत्ताधाऱ्याला अधिक काळजीने बोलायला लावतो. १९९८ मध्ये राष्ट्रपतिपदावर असताना रांगेत उभे राहून मतदान करणारे नारायणन पहिले राष्ट्रपती. निःपक्षपातीपणासाठी नागरिकत्व सोडावे लागत नाही, अशी त्यांची धारणा त्यातून दिसली.

आणि तरीही त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा अध्याय या पद्धतीची मर्यादा दाखवतो. २००२ मध्ये गुजरातमध्ये हिंसाचार उसळला तेव्हा त्यांनी पंतप्रधानांना पत्रे लिहिली. लष्कर पाठवून हिंसा रोखावी असे आपण कळवले होते, हे त्यांनी २००५ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. ती पत्रे आजही लोकांसमोर नाहीत. केंद्रीय माहिती आयोगाने तो पत्रव्यवहार तपासणीसाठी मागवला, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो आदेश रद्द केला. राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यात मोकळेपणाने बोलणे व्हावे म्हणून गोपनीयता हवी, हा युक्तिवाद रास्त आहे. पण ती कायमची कशासाठी? सल्ला दिला गेला होता का, तो मानला गेला का, न मानण्याचे कारण काय होते, हे नागरिकांना कधीच कळणार नसेल तर राष्ट्रपतींच्या प्रश्नाचे बळ संपते. कारण त्या प्रश्नामागे लोकमत उभे राहू शकत नाही.

म्हणूनच या पाच वर्षांतून एक संकेत पुढे न्यायला हवा. मंत्रिमंडळाची शिफारस परत पाठवताना राष्ट्रपतींनी कारणे जाहीर करावीत, मंत्रिमंडळाने तीच शिफारस पुन्हा पाठवली तर आपले उत्तर जाहीर करावे, आणि दोघांमधला पत्रव्यवहार ठरावीक वर्षांनी अभ्यासकांना खुला व्हावा. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. १९९८ च्या निवेदनासाठीही ती लागली नव्हती. पुढचे राष्ट्रपती कोणत्या पक्षाचे, कोणत्या प्रांताचे, कोणत्या समाजाचे असावेत यावर आपण हिरिरीने वाद घालतो. सही करण्यापूर्वी ते कारण विचारतील का आणि ते कारण आपल्याला सांगतील का, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे आणि तो प्रत्येक उमेदवाराला विचारला गेला पाहिजे.