पहिले पान पाण्याचे, दुसरे कोरड्या मातीचे

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूर तालुक्यात, ख्रिस्ती मंडळ्या पुष्कळ. चिंचपाड्याला मिशनचे जुने रुग्णालय आहे. बायबल इथे मराठीत वाचले जाते, त्याचे काही भाग इथल्या मावची बोलीतही छापले गेले आहेत. पण ते उघडले की पहिल्या दोन अध्यायांतच वाचक अडतो.

‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायात सगळे क्रमवार होते. पहिल्या दिवशी प्रकाश, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि झाडे, सूर्य-चंद्र मात्र चौथ्या दिवशी. मग मासे, पाखरे, जनावरे आणि सर्वांत शेवटी माणूस, नर-नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायात देव आधी मातीतून पुरुष घडवतो, मग बाग लावतो, पुरुषाला सोबत हवी म्हणून पशुपक्षी करतो आणि अखेरीस त्याच्या फासळीतून स्त्री. मग झाडे आधी की माणूस? जनावरे आधी की माणूस?

ही शंका केवळ धर्माच्या विरोधकांची नाही. सूर्यच नव्हता तर पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली, असे तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच विचारले. हे वर्णन शब्दशः घेऊ नये, असे त्याचे मत होते. १७५३ साली झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने दाखवले की दोन्ही वृत्तान्तांत देवाचे नाव वेगवेगळे येते. परंपरेने या पुस्तकाचा कर्ता मानलेल्या मोशेने जुने वेगवेगळे वृत्तान्त एकत्र केले असावेत, असा त्याचा तर्क. पुष्कळ पाळक दुसरा अध्याय हा सहाव्या दिवसाचाच तपशील मानतात. पशू आधीच घडवलेले होते, माणसापुढे आणले तेवढे नंतर. अशी सांगड घालता येते, पण ओढाताण होते ती होतेच.

खरे तर दोन्ही कथा सुरू कुठून होतात, हे पाहावे. पहिलीत सगळीकडे पाणी, अथांग आणि काळोखे; जगणे शक्य व्हायचे तर ते बाजूला सारून जमीन उघडी करावी लागते. दुसरीत उलटे. पाऊस पडलेला नाही, शेतात काही उगवलेले नाही, मशागतीला माणूस नाही. पहिली कथा यहुदी लोक बाबिलोनच्या बंदिवासात असताना, पूर येणाऱ्या नद्यांच्या प्रदेशात आकाराला आली, असे बरेच अभ्यासक मानतात. दुसरीमागे पावसावर जगणारा डोंगराळ मुलूख दिसतो.

नंदुरबारच्या माणसाला ही दोन्ही भये समजावून सांगावी लागत नाहीत. उकाई धरणाचे पाणी नवापूर तालुक्यातल्या गावांत शिरले. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित केली, त्यांत मणिबेली सर्वांत आधी. आणि याच जिल्ह्यात सातपुड्याच्या उतारावर नांगरट करून, ज्वारी-तुरीचे बी घरात ठेवून लोक मृगाकडे डोळे लावून बसतात. पाणी हटल्याशिवाय जगता येत नाही आणि पाणी आल्याशिवायही जगता येत नाही. यातले एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

ज्यांनी या दोन कथा एकत्र जुळवल्या त्यांना क्रमातला फरक दिसला नसेल, हे पटत नाही. हवे तर एक कथा गाळता आली असती. त्यांनी दोन्ही ठेवल्या, शेजारी शेजारी. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १९व्या अध्यायात, बायकोला सोडण्याविषयी येशूला विचारले जाते, तेव्हा तो पहिल्या अध्यायातले नर-नारी आणि दुसऱ्यातले एकदेह होणे एकाच उत्तरात सांगतो.