जुन्या टाइमशेअरचा खरा भाव

महाबळेश्वर-लोणावळ्याच्या रिसॉर्टची टाइमशेअर (ठरावीक वर्षं, दरवर्षी काही रात्री राहण्याचा हक्क) सेकंडहँड मिळाली की पुणेकराला सौदा स्वस्त वाटतो. पण मागितलेली किंमत हा खर्चाचा फक्त एक भाग. फ्लॅट बंद असला तरी सोसायटीचा मेंटेनन्स चुकत नाही. तसंच टाइमशेअरचं वार्षिक शुल्क (रिसॉर्टच्या देखभालीची वर्गणी) सहलीला गेला नाहीत तरी भरावं लागतं आणि ते सहसा वाढत जातं.

उदाहरणार्थ, टाइमशेअर विकणाऱ्या क्लब महिंद्राचं मूळ सदस्यत्व 25 वर्षांचं. त्यातली 15 सरली असतील, तर वर्षाला 7 रात्रींच्या हिशेबाने हाती 70 रात्रीच उरतात. किंमत, हस्तांतर शुल्क आणि 10 वर्षांची वर्गणी यांची बेरीज 70 ने भागा. तो आकडा हॉटेलच्या भाड्याशी ताडून पाहा. थकबाकी नसल्याचं कंपनीचं लेखी पत्र हातात येईपर्यंत विसारही देऊ नका.