रस्त्याचा क्रमांक आणि रस्त्याचे नाव : संगमनेरवरून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ५०

‘संगमनेर तालुका, राष्ट्रीय महामार्ग ५०’ असा उल्लेख असलेला एखादा जुना कागद अभ्यासकाच्या हाती पडला आणि त्याने तो क्रमांक आजच्या नकाशावर शोधला, तर तो नांदेडहून निघून देगलूरमार्गे बीदरकडे आणि पुढे चित्रदुर्गापर्यंत जाणाऱ्या मार्गावर जाऊन पोहोचेल. संगमनेर त्या मार्गावर नाही. कागद खोटा नाही आणि नकाशाही चुकीचा नाही. इ. स. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरविण्यात आले, तेव्हा पुणे–नाशिक मार्गाचा ५० हा क्रमांक काढून घेण्यात आला व पुढे तो दुसऱ्या मार्गास मिळाला. रस्ता जागच्या जागी राहिला. त्याची संज्ञा मात्र दुसरीकडे गेली. संज्ञा आणि वस्तू यांच्यातील संबंध किती सैल असू शकतो, याचे हे एक बोधप्रद उदाहरण होय.

१९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या अनुसूचीत या मार्गाचे वर्णन, नाशिकला पुण्याजवळ चौथ्या क्रमांकाच्या महामार्गाशी जोडणारा मार्ग, अशा आशयाचे आहे. सुमारे १९२ किलोमीटरांचा हा मार्ग सिन्नर, संगमनेर, घारगाव, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड व चाकण या गावांवरून जात असे. परंतु त्या वर्णनात वाटेवरील एकाही गावास स्थान नाही. कायद्याच्या भाषेने रस्त्याची व्याख्या त्याच्या दोन टोकांनी केली. संगमनेरसारखे प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावरील प्राचीन गाव त्या व्याख्येत केवळ गृहीत धरलेले आहे.

नव्या क्रमांकनामागे एक निश्चित व्यवस्था आहे. दक्षिणोत्तर जाणाऱ्या मुख्य महामार्गांस सम क्रमांक दिले असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गांस विषम क्रमांक असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. मुख्य मार्गाशी संबंधित शाखांस तीन अंकी क्रमांक मिळतात. सिन्नरहून शिर्डीमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा मार्ग १६० हा होय. या व्यवस्थेचा पडताळा आळेफाट्यावर उत्तम प्रकारे घेता येतो. तेथे पुणे–नाशिक मार्गास माळशेज घाटातून येणारा कल्याण–निर्मल मार्ग छेदतो. २०१० पूर्वी हे मार्ग अनुक्रमे ५० व २२२ होते आणि त्या अंकांवरून दिशेचा कसलाच बोध होत नसे. आज ते ६० व ६१ आहेत. सम अंक दक्षिणोत्तर दिशा सुचवितो, तर विषम अंक पूर्व-पश्चिम दिशा सुचवितो. पूर्वी निव्वळ खूण असलेला अंक आता अर्थ वाहू लागला आहे.

तथापि ‘पूर्वीचा ५० म्हणजे आजचा ६०’ हे समीकरण जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. नवा ६० नाशिकला संपत नाही. मुंबई–आग्रा मार्गाचा, म्हणजे जुन्या ३ क्रमांकाचा, नाशिक ते धुळे हा भागही त्यात समाविष्ट झाला आहे. ज्या नाशिकवरून जुन्या मार्गाची व्याख्या होत असे, ते नव्या मार्गातील एक मधले ठिकाण झाले. म्हणजे केवळ नाव बदलले नसून नावाची व्याप्तीही बदलली. शिवाय २०१० पूर्वीच्या कागदपत्रांत ‘राष्ट्रीय महामार्ग ६०’ असे आढळल्यास तो ओडिशातील बालेश्वरहून पश्चिम बंगालकडे जाणारा मार्ग समजावा लागतो. जमिनीचे व्यवहार, भूसंपादनाचे आदेश किंवा अपघातांच्या नोंदी यांचा उपयोग करणाऱ्याने कागदाची तारीख न पाहता क्रमांक वाचल्यास तो शेकडो कोस दूर जाऊन पडेल.

बोलभाषेने मात्र या क्रमांकांवर कधीच फारशी भिस्त ठेवली नाही. पुण्यात हा ‘नाशिक रस्ता’ आणि नाशकात हाच ‘पुणे रस्ता’. बोलणारा कोठे उभा आहे यावर नाव ठरते आणि ऐकणाऱ्यास दिशाही कळते. नव्या क्रमांकनाने जे नियमाने साधले, ते बोलीने सहज साधलेले होते. ‘फाटा’ हा शब्दही असाच पाहण्यासारखा आहे. मुख्य वाटेपासून फुटणारी शाखा हा त्याचा अर्थ. पुढे शाखा जेथे फुटते ते स्थळ, आणि शेवटी त्या स्थळी वाढलेली वस्ती, असा अर्थविस्तार झाला. आळेफाटा हे या विस्ताराचे ठळक उदाहरण होय. कासारवाडीचा ‘नाशिक फाटा’ही क्रमांक बदलल्याने बदलला नाही. रेल्वेच्या परिभाषेतील ‘नाशिक रोड’, म्हणजे नाशिक गावाकडे जाण्यासाठी उतरावयाचे स्थानक, हे तर एका मोठ्या उपनगराचेच नाव होऊन बसले.

याहून जुना थर ग्रामनामांत सापडतो. संस्कृत ‘नगर’, प्राकृत ‘णयर’ आणि मराठी ‘नेर’ ही परंपरा संगमनेर, पारनेर, जामनेर या नावांत स्पष्ट आहे. सिंदीनगर–सिन्नर आणि जीर्णनगर–जुन्नर या व्युत्पत्ती मान्य केल्यास, या मार्गावर व त्याच्या आसपास तीन ‘नगरे’ आढळतात. संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये झालेल्या उत्खननाने ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली, आणि जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. अर्थात यावरून आजचा डांबरी रस्ता सातवाहनांच्या वाटेवरूनच जातो, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. नावे वस्तीचे सातत्य दाखवितात. रस्त्याची नेमकी आखणी दाखवीत नाहीत.

नावे अढळ असतात, असेही म्हणता येत नाही. हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ खेडचे राजगुरुनगर झाले, तरी चौपदरीकरणाचे काम ‘खेड–सिन्नर’ याच नावाने ओळखले गेले. हे काम २०१० नंतरच्या दशकात झाले. त्यात संगमनेर शहराबाहेरून वळणरस्ता निघाला आणि चंदनापुरी घाटातील जुनी वळणे बाजूस पडली. तेव्हा येथे दोन स्वतंत्र घटना घडल्या आहेत : क्रमांक रद्द झाला तो कागदावर, सर्व मार्गाचा एकाच वेळी, वाहतूक सरली ती जमिनीवर, काही तुकड्यांपुरती आणि वेगळ्या काळी. या दोहोंची गल्लत केल्यास शहरातून जाणारा जुना रस्ता हाच आजचा ६०, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सारांश, मार्गाची नोंद करताना क्रमांक, त्या क्रमांकाचा काळ आणि वाटेवरील गावांचा क्रम ही तिन्ही अंगे एकत्र दिली पाहिजेत. क्रमांक शासनाच्या एका आदेशाने बदलतो. गावांचा क्रम मात्र सहसा टिकतो, आणि बाजूस पडलेल्या तुकड्यांचा माग काढण्यास तोच उपयोगी पडतो. चंदनापुरी ते आळेफाटा या पट्ट्यातील घाट, फाटे व वस्त्या यांची नावे प्रत्यक्ष फिरून, लोकांच्या तोंडून टिपून ठेवणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. जुनी वळणे ज्यांच्या बोलण्यात अजून आहेत, त्या पिढीच्या हयातीतच ते झाले पाहिजे.