स्वतःच्या मुळांवर: जुने गुलाब, लायलॅक आणि छोट्या रोपवाटिका

जुन्या गुलाबांविषयी लिहिताना सम्राज्ञी जोसेफिनच्या माल्मेझाँ येथील उद्यानापासून आरंभ करायचा आणि रेदुतेच्या चित्रांपाशी बराच वेळ रेंगाळायचे, अशी प्रथा उद्यानविषयक लेखनात पडून गेली आहे. परंतु एखादी जात उद्यानात येते कोठून आणि उद्यान मोडल्यावर उरते कोठे, हे शोधू गेल्यास माग बहुधा एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या लहानशा रोपवाटिकेपर्यंत जातो. जोसेफिन १८१४ मध्ये वारली आणि तिचा संग्रह हळूहळू विखुरला. पुढच्याच वर्षी नेपोलियनच्या सैन्यातून परतलेल्या झाँ-पिएर विबेरने देसेमे या रोपवाटिकाधारकाची, युद्धाच्या धामधुमीत वाताहत झालेली रोपे विकत घेतली आणि पुढील तीन-साडेतीन दशके त्यांतून व त्यांच्या बियांतून नव्या जाती काढल्या. या विबेरला हुमणीने, म्हणजे मुळे कुरतडणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने, इतके सतावले की त्याला आपली बाग वारंवार हलवावी लागली आणि अखेर १८३९ मध्ये त्याने पॅरिसचा परिसर सोडून आंजे गाठले. हुमणीने ऊस गमावलेल्या सांगली-कोल्हापूरकडील शेतकऱ्याला त्याची अडचण विस्ताराने सांगावी लागणार नाही.

'जुना गुलाब' ही संज्ञा सैलपणे वापरली जात असली तरी तिची सर्वमान्य सीमा १८६७ ही आहे. त्या वर्षी ल्योंच्या गियोने 'ला फ्रान्स' हा गुलाब बाजारात आणला आणि तो हायब्रीड टी या वर्गाचा, म्हणजे लांब दांड्यावर एकेक टोकदार कळी देणाऱ्या आजच्या फुलविक्रेत्याच्या गुलाबाचा, आद्य प्रतिनिधी मानला जातो. त्यापूर्वी अस्तित्वात असलेले वर्ग ते जुने. त्यांतील गॅलिका, डमास्क, आल्बा, शंभर पाकळ्यांचे सेंटिफोलिया आणि ज्यांच्या कळीवर राळेच्या वासाची शेवाळासारखी लव येते ते मॉस, हे बहुतांशी वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी तीन-चार आठवडे फुलतात. चिनी आणि टी हे वर्ग चीनमधून युरोपात गेले आणि पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण त्यांनीच पुढील संकरांना दिला.

या दोन कुळांच्या गाठीभेटीतून जे वर्ग निर्माण झाले त्यांत भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा बोर्बों होय. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर, ज्याचे तेव्हाचे नाव बोर्बों होते, शेताच्या कुंपणाला शरदात पुन्हा फुलणारा डमास्क आणि गुलाबी चिनी गुलाब शेजारी-शेजारी लावलेले असत. त्यांच्या आपोआप झालेल्या संकराचे झाड १८१७ च्या सुमारास ब्रेआँ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडले, त्याने बिया फ्रान्सला धाडल्या आणि ऑर्लेआँच्या ड्यूकचा माळी झाक याने त्या रुजवल्या. बेटावर 'रोझ एदुआर' म्हणून ओळखला जाणारा हा गुलाब आणि आपल्याकडील 'एडवर्ड' हे एकच, असे जाणकार मानतात. आश्चर्य असे की, ज्या जातीच्या वंशात ल्योंच्या बेल्यूझचा 'सूव्हनीर द ला माल्मेझाँ' (१८४३) जन्मला आणि जिच्यावर युरोपात ग्रंथ लिहिले गेले, ती जात भारतातील रोपवाटिकांत मुख्यतः खुंट म्हणून, म्हणजे दुसऱ्या गुलाबाचा डोळा भरण्यासाठी लागणारे मूळझाड म्हणून वापरली जाते आणि तिला फुटलेली प्रत्येक फांदी माळी इमानेइतबारे छाटून टाकतो. दख्खनच्या हवेत एडवर्ड, चिनी आणि टी हे गुलाब बिनतक्रार वाढतात, तर गॅलिका व आल्बा यांना हवी तशी थंडी येथे मिळत नाही; तरीही हौशी मंडळी परदेशी कॅटलॉग पाहून नेमकी त्यांचीच मागणी करतात.

हायब्रीड पर्पेच्युअल या वर्गाविषयी मात्र फार लिहिण्यासारखे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या शेकडो जाती निघाल्या, प्रदर्शनाच्या पेटीत मांडल्या गेल्या, बक्षिसे मिळवून गेल्या आणि विसरल्या गेल्या. त्यांतील पंधरा-वीस सोडल्यास बाकीच्यांचे विस्मरण न्याय्यच म्हणावे लागेल.

लायलॅकची, म्हणजे सिरिंगा या प्रजातीतील झुडपांची कथा याहून वेगळी आहे. जाई, मोगरा आणि पारिजातक ज्या कुळातले त्याच ऑलिएसी कुळातले हे झुडूप मूळचे बाल्कन डोंगरांतले असून सोळाव्या शतकात हॅब्सबर्ग सम्राटाचा वकील बुसबेक याच्यामार्फत ते कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्नाला पोहोचले. त्याचा एक भाऊबंद, सिरिंगा इमोडी, काश्मीरपासून नेपाळपर्यंत हिमालयातही आढळतो. लायलॅकच्या कळ्यांना हिवाळ्यात दीर्घ थंडीची विश्रांती लागते, त्यामुळे महाबळेश्वरच्या थंडीवर त्याने फुलावे ही अपेक्षा व्यर्थ आहे.

बागेतला लायलॅक आज जसा आहे तसा घडवण्याचे श्रेय फ्रान्समधील नान्सी या गावच्या व्हिक्टर लम्वानला जाते आणि ते देताना त्याच्या पत्नीचे नाव गाळणे हा अन्याय ठरेल. १८७० मध्ये प्रशियाचे सैन्य नान्सीत ठाण मांडून बसले, व्यापार थंडावला आणि सक्तीच्या रिकामपणात लम्वानने आपल्या बागेतील 'अझुरिया प्लेना' या, लहान दुहेरी फुलांच्या व कोणाचे फारसे लक्ष न गेलेल्या लायलॅककडे मोर्चा वळवला. या फुलांत पुंकेसर नव्हते आणि स्त्रीकेसर पाकळ्यांच्या दाटीत दडलेला असे, तेव्हा त्यावर चिनी सिरिंगा ओब्लाटाचे पराग घालायचे तर एकेक इवले फूल सुईच्या टोकाइतक्या नेमकेपणाने उघडावे लागे. लम्वानची दृष्टी अधू, हात स्थिर नसलेले आणि झुडूप तर माणसाच्या उंचीच्या वर गेलेले. म्हणून मारी-लुईझ लम्वान शिडीवर चढून पराग घालत असे. त्या कामातून बिया अगदी मोजक्या धरल्या, पण त्यांच्यापासून सिरिंगा हायसिंथिफ्लोरा हा लवकर फुलणारा संकरवर्ग उभा राहिला आणि १८७६ पासून त्याची फुले लोकांसमोर आली. पुढे 'प्रेझिदाँ ग्रेव्ही' (१८८६), शुभ्र दुहेरी 'मादाम लम्वान' (१८९०), 'बेल द नान्सी' (१८९१) अशी मालिकाच सुरू झाली. पुत्र एमील आणि नातू आन्री यांनी ती चालवली आणि तीन पिढ्यांच्या हातून दोनशेहून अधिक जाती निघाल्या. एवढ्या कामगिरीमागे ना विद्यापीठ होते ना सरकारी संशोधन केंद्र. होती ती रोपे विकून पोट भरणारी एक कौटुंबिक रोपवाटिका. नंतर मॉस्कोत कोलेस्निकोव्ह या स्वयंशिक्षित हौशी माणसाने 'क्रासावित्सा मोस्क्वी' ही गुलाबी कळीतून पांढरी उमलणारी जात काढली, तिच्या मुळाशीही घरामागची बागच आहे.

रोपे कशी वाढवावीत हा प्रश्न अनेकांना तांत्रिक आणि म्हणून रुक्ष वाटतो, पण या विषयाचे खरे मर्म तेथेच आहे. मोठ्या उत्पादकांची रीत डोळा भरण्याची आहे: युरोपात रानगुलाबाच्या, अमेरिकेत मल्टिफ्लोराच्या किंवा 'डॉ. ह्युई'च्या खुंटाच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, हव्या त्या जातीचा एक डोळा त्यात बसवायचा आणि तो फुटल्यावर खुंटाचा शेंडा छाटायचा. एका डोळ्यापासून एक रोप मिळते, माल लवकर विक्रीला तयार होतो आणि शेतात सगळे ताटवे एकसारखे दिसतात, हे या पद्धतीचे फायदे निर्विवाद आहेत. याउलट स्वमूळ रोप, म्हणजे फाटे कलमापासून स्वतःच्याच मुळांवर वाढवलेले रोप, तयार व्हायला एखाद-दुसरे वर्ष अधिक घेते. तेवढ्या भांडवलावर काही नामवंत लेखक गेली कित्येक वर्षे 'स्वमूळ गुलाब दुबळा' असा निकाल देत आले आहेत. त्या निकालाला आधार पहिल्या दोन हंगामांचा आहे, आणि जुना गुलाब कोणी दोन हंगामांसाठी लावत नाही. खुंटावरचे झाड कडाक्याच्या थंडीने किंवा दुर्लक्षाने मेले की खालचा खुंट तेवढा उरतो. अमेरिकेतील जुन्या अंगणांत 'डॉ. ह्युई'ची गर्द लाल फुले जागोजागी दिसतात त्याचे कारण हेच, आणि पुण्या-मुंबईच्या गच्चीवर 'आमचा गुलाब जंगली झाला' असे जे ऐकू येते त्याचेही कारण हेच. (पाच पानांची फांदी कलमी व सात पानांची जंगली, ही त्यावर सांगितली जाणारी खूण जुन्या गुलाबांना लावू नये, त्यांतील पुष्कळांना सात पाने हीच स्वाभाविक असतात.) शिवाय कलमाबरोबर मोझॅकसारखे विषाणू खुंटातून डोळ्यात आणि डोळ्यातून खुंटात जातात, ही गोष्ट त्या लेखकांच्या लेखनात सहसा येत नाही.

लायलॅकच्या बाबतीत तर हा वाद संपायला हवा होता. त्याचे कलम प्रिव्हेट या कुंपणाच्या झुडपावर करण्याची जुनी चाल होती. दोघांचे वरवर जुळते, पण काही वर्षांनी सांधा नाकारला जातो आणि भरात आलेले झाड अचानक मान टाकते. जाणते रोपवाटिकाधारक असे कलम खोल लावून लायलॅकला स्वतःची मुळे धरायला लावत, म्हणजे शेवटी तेही स्वमूळच झाले. फाटे लावायचे तर फुले ओसरत असतानाचे दोनएक आठवडे हाच मोसम: तेव्हा नवी फांदी लवचिक असते, थोडी पिकली की मूळ धरत नाही. स्वतःच्या मुळांवरच्या लायलॅकला बुडातून फुटवे येतात आणि ते जातिवंत असतात, म्हणूनच न्यू इंग्लंडमधील पडक्या शेतघरांच्या जोत्यांपाशी, राहणारे निघून गेल्यावर कित्येक पिढ्या, तीच झुडपे फुलत राहिली आहेत. टेक्सासमधील स्मशाने आणि ओसाड वाड्या धुंडाळून जुने गुलाब गोळा करणाऱ्या मंडळींनाही जे सापडले ते स्वतःच्या मुळांवर तगलेले चिनी, टी आणि नॉइझेट या वर्गांतले गुलाब होते. नावे हरवलेली असल्याने त्यांना गावाची किंवा रस्त्याची तात्पुरती नावे देण्यात आली आणि याच संग्रहातून १९८० च्या दशकात तेथे जुन्या गुलाबांची स्वतंत्र रोपवाटिका उभी राहिली. इंग्लंडमध्ये हेच काम त्याआधी ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांनी रोपवाटिकेतील नोकरी सांभाळून केले होते. १९५५ चे त्यांचे झुडूपगुलाबांवरील पुस्तक आणि पुढे मॉटिसफाँटची बाग ही त्याची फळे होत.

विक्रीची बाजू मात्र अवघड आहे. ग्राहक जे फुललेले दिसते ते उचलतो, आणि एकदाच फुलणारा गुलाब किंवा मेमध्ये दोन आठवडे बहरणारा लायलॅक उरलेले वर्षभर कुंडीत नुसती हिरवी काडी असतो. त्यातही कोवळ्या स्वमूळ लायलॅकला पहिले फूल यायला तीन ते पाच वर्षे लागतात. म्हणून ही रोपे डोळ्यांनी खपत नाहीत, नावाने खपतात. हिवाळ्यात हाती पडणारा कॅटलॉग, त्यातले जातीचे नेमके वर्णन, मागणीनुसार माती झाडून उघड्या मुळांनी पाठवलेली रोपे, आणि 'हे तुमच्याकडे येणार नाही' असे लिहून कळवण्याचा प्रामाणिकपणा, यांवर छोटी रोपवाटिका उभी राहते. दुसरी अडचण कायद्याची. अमेरिकेत १९३० च्या वनस्पती पेटंट कायद्याने नव्या जातीवर मक्तेदारी मिळू लागली आणि पहिले पेटंट 'न्यू डॉन' या गुलाबालाच मिळाले; तेव्हापासून जाहिरातीचा पैसा पेटंटच्या जातींमागे जातो, आणि जी जात कोणाच्या मालकीची नाही तिच्यासाठी कोणी पान विकत घेत नाही.

डेव्हिड ऑस्टिन यांनी 'कॉन्स्टन्स स्प्राय' (१९६१) पासून जुन्या फुलाचा घाट नव्या गुलाबाला दिला, त्यामुळे जुन्या गुलाबांची गरजच संपली, असे म्हणणारा एक पंथ आता बळावला आहे. 'कॉन्स्टन्स स्प्राय'ची एक जनक 'बेल इसिस' ही गॅलिका होती आणि ती कोणीतरी विकायला ठेवली होती म्हणूनच तो संकर शक्य झाला, एवढे या पंथाने ध्यानात घेतले तरी पुरे. लायलॅकमध्येही पुन्हापुन्हा फुलणाऱ्या ठेंगण्या जातींनी कुंड्यांची बाजारपेठ व्यापली असून लम्वानच्या कित्येक जाती आता वनस्पतिउद्यानांतील संग्रहांपुरत्या उरल्या आहेत. तेथे त्या सुरक्षित आहेत हे खरे, पण संग्रहातले झाड पाटी लावून जपण्यासाठी असते, फाटे काढून विकण्यासाठी नव्हे. नान्सीची रोपवाटिका विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बंद पडली; कॅलिफोर्नियातील सबॅस्टपोल येथील 'व्हिंटेज गार्डन्स' २०१३ मध्ये मिटली आणि तिथला जुन्या गुलाबांचा प्रचंड संग्रह स्वयंसेवकांनी आपसांत वाटून सांभाळायला घेतला. अशा वेळी जातींची यादी हाती असून भागत नाही. कोणत्या झाडाचे फाटे कोणत्या महिन्यात मूळ धरतात, हे रोपवाटिका चालवणाऱ्या कुटुंबातील शेवटच्या माणसाला माहीत असते आणि कॅटलॉगात ते छापलेले नसते.