झेंडा पनामाचा, किनारा आपला

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला समुद्र नाही. गावालगतच्या राष्ट्रकूटकालीन तळ्याला ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणतात, पण खरा समुद्र सह्याद्रीपलीकडे. मंगोलियाही असाच चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश. तरीही मंगोलियाचा झेंडा लावलेली जहाजं जगभर मालवाहतूक करतात. त्या देशाचं जहाज नोंदणी कार्यालय सिंगापुरात आहे. यात बेकायदा काही नाही. समुद्र नसलेल्या देशालाही आपल्या झेंड्याखाली जहाज चालवण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने दिला आहे.

भर समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. जहाजाची तपासणी, खलाशांच्या कामाच्या अटी, अपघाताची चौकशी या साऱ्याची पहिली जबाबदारी त्याच देशाची. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं असे काही देश परक्या मालकांच्या जहाजांनाही नोंदणी देतात. शुल्क माफक, कर नाममात्र, खलाशी कुठल्याही देशाचे घ्या. यालाच ‘सोयीचा झेंडा’ म्हणतात. १९२२ मध्ये अमेरिकेत दारूबंदी असताना ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ ही प्रवासी जहाजं पनामाच्या नोंदणीत गेली, ती जहाजावर दारू देता यावी म्हणून. लायबेरियाची नोंदणी १९४८च्या सुमारास अमेरिकी पुढाकाराने उभी राहिली आणि तिचा कारभार आजही अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो. जगातल्या जहाजांच्या एकूण भारक्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक याच तीन झेंड्यांखाली आहे.

झेंडा आणि देश यांच्यात ‘खरा संबंध’ हवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा करारात लिहिलं आहे. पण तो संबंध नसेल तर काय, हे करारात स्पष्ट नाही. सगळी पळवाट इथे आहे.

तिची किंमत मुंबईने मोजली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर पनामाच्या झेंड्याचं ‘एमएससी चित्रा’ आणि सेंट किट्स-नेव्हिसच्या झेंड्याचं ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रावरचे कंटेनर समुद्रात पडले, तेलाचा तवंग खारफुटीपर्यंत पोचला, मासेमारांचं काम थांबलं. पुढच्याच वर्षी ३१ जुलैला ‘एमटी पवित’ हे पनामाच्याच झेंड्याचं टँकर जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. त्याचे खलाशी महिनाभर आधी ओमानजवळ ते सोडून उतरले होते, त्यामुळे जहाजावर कुणीच नव्हतं. चारच दिवसांनी ‘आरएके कॅरियर’ हे जहाज साठ हजार टनांहून अधिक कोळशासह मुंबईजवळ बुडालं. झेंडा पनामाचा, कंपनी कतारची, कोळसा इंडोनेशियाहून गुजरातकडे निघालेला. राष्ट्रीय हरित लवादाने त्या कंपनीला १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला, तोही २०१६ मध्ये, अपघातानंतर पाच वर्षांनी.

सगळे सोयीचे झेंडे मात्र सारखे नसतात. लायबेरियाने तर २००६चा सागरी कामगार करार सर्वांत आधी मंजूर केला. पॅरिस आणि टोकियो करारांखालच्या बंदर-तपासणी यंत्रणा झेंड्यांच्या पांढऱ्या, करड्या आणि काळ्या याद्या प्रसिद्ध करतात. खरा धोका असतो यादीच्या तळाशी असलेल्या झेंड्यांचा. तिथलं जुनं जहाज मालकाने परक्या बंदरात टाकून दिलं, की अन्न, पाणी, पगार यांसाठी खलाशी अडकून पडतात. अशा अडकलेल्यांत गेल्या काही वर्षांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत.

म्हणूनच हा विषय कंधार, नांदेड, लातूरच्या घरांचाही आहे, कारण मर्चंट नेव्हीची स्वप्नं आता इथेही पाहिली जातात. मुलाच्या हातात करार आला, की पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी बघा. भरती करणाऱ्या एजन्सीकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का? जहाजाचा झेंडा कोणता, आणि तो कुठल्या यादीत आहे? त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक काय? झेंडा बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही आणि त्यावरून जहाजाचा इतिहास कळतो. पगार थकला तर भरपाई देणाऱ्या विम्याचं प्रमाणपत्र आहे का? नोकरी लावून देण्यासाठी कुणी पैसे मागितले, तर ते बेकायदा आहे. ही उत्तरं लेखी मिळेपर्यंत मुलाला सही करू देऊ नका.