चौकटीखालचा हात

हनोईहून दक्षिणेला जाणारा महामार्ग धरला, की वीसेक किलोमीटरवर थुओंग तीन भागात क्वात दोंग नावाचं गाव लागतं. गावाच्या नावाची औद्योगिक वसाहत आता महामार्गाला लागून आहे. आतल्या गल्ल्यांमध्ये मात्र अजूनही काही घरांत, दाराशी जिथे उजेड चांगला येतो तिथे, लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणून माणसं भरायला बसतात. त्यात बायका आहेत तसे पुरुषही आहेत. सुई-दोरा हे बायकांचंच काम, ही समजूत या गावाने कधी धरलीच नाही.

चौकट आडवी, टेबलासारखी. काम करणाऱ्याचा एक हात तिच्या वर आणि दुसरा खाली. वरचा हात सुई टोचतो, खालचा ती ओढून घेतो आणि पुन्हा वर पाठवतो. सुई नेमकी कुठून वर यायला हवी, हे त्या खालच्या हाताला दिसत नाही. आधीच्या टाक्याला चिकटून, पण त्याच्यात न घुसता, बोटांच्या अंदाजाने त्याला ती जागा शोधावी लागते. नवशिक्याची खरी परीक्षा या खालच्या हाताची असते.

आपण या कामाला भरतकाम म्हणतो. क्वात दोंगची कमळं आणि पाखरं पाहिली, की तो शब्द किती अचूक आहे ते कळतं. पाकळीची नुसती कड काढून भागत नाही, ती भरावी लागते. त्यासाठी ‘दाम सो’ नावाची पद्धत आहे: एक टाका लांब, एक आखूड; पुढच्या ओळीचे टाके मागच्या ओळीच्या फटींत शिरतात आणि गडद गुलाबी फिकट कुठे झाला, ते सांगता येत नाही. पाखराच्या पिसासाठी रेशमाचा दोराही उकलून त्याच्या आणखी बारीक तारा करतात. टाक्याची दिशा पिसाच्या दिशेने वळली नाही, तर रंग कितीही जुळोत, पाखरू मेल्यासारखं दिसतं. रेशमाची चमक टाका ज्या बाजूला झुकेल तशी बदलते. चित्रकाराला नसलेली ही सोय भरणाऱ्याला आहे, आणि चुकलं तर तीच त्याच्या मुळावर येते.

या विद्येचा मूळपुरुष म्हणून गाव ले कोंग हान्ह यांना पूजतं. जन्म १६०६, मृत्यू १६६१. ते क्वात दोंगचेच. ले राजाच्या दरबारात अधिकारी होते, आणि ‘ले’ हे आडनाव राजाने बहाल केलेलं. १६४६ साली ते वकील म्हणून चीनला गेले, असं सांगतात. तिथे त्यांची बुद्धी जोखण्यासाठी त्यांना एका उंच मनोऱ्यावर चढवलं आणि शिडी काढून घेतली. वर पाण्याचा एक रांजण, बुद्धाच्या मूर्ती, दोन छत्र्या आणि भरतकाम केलेला पडदा. अन्नाचा कण नाही. पडद्यावर अक्षरं भरलेली होती: बुद्ध अंतरात आहे. हान्ह यांनी त्यांचा अर्थ लावला आणि मूर्तीचा हात मोडून तोंडात टाकला. मूर्ती भाताच्या पिठाची निघाली, गोड. पोटाची सोय झाली. मग रिकामा वेळ होता, आणि समोर तो पडदा. त्यांनी त्याचे टाके उसवून पाहिले, पुन्हा जोडून पाहिले. छत्री कशी बांधली आहे तेही नीट पाहून घेतलं. शेवटी, पंख पसरून खाली झेपावणारी वटवाघळं पाहून, छत्र्या धरून उडी मारली आणि सुखरूप उतरले. परत आल्यावर त्यांनी गावाला भरतकाम आणि छत्र्या करणं शिकवलं.

ही दंतकथा आहे. त्याआधीही व्हिएतनाममध्ये भरतकाम होतंच. पण गावाने स्वतःबद्दल सांगायला कोणती गोष्ट निवडली, याला माझ्या लेखी मोल आहे. इथे देवाने स्वप्नात येऊन विद्या दिली नाही. एका कोंडलेल्या माणसाने पडदा उलटा केला आणि दोरा कुठून आला, कुठे गेला, ते बघत बसला. उडी पोरांना आवडत असेल. मला त्या आधीचे ते दिवस महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडेही जाणती बाई भरलेला रुमाल हातात घेतला, की आधी उलटा करून पाहते.

गावचे कारागीर पुढे राजधानीत गेले. हनोईच्या जुन्या पेठेतल्या हांग चोंग रस्त्याचं नाव ढोलांवरून पडलेलं, पण त्याचा एक भाग भरतकाम करणाऱ्यांचा होता. जवळच येन थाय गल्लीत त्यांनी आपल्या मूळपुरुषाचं देऊळ बांधलं. त्याचं नाव तू थी. त्यातल्या ‘तू’चा अर्थ भरतकाम आणि ‘थी’चा बाजार. शहरात पोट भरायला गेलेल्या माणसांनी गावचं दैवतही सोबत नेलं.

गिऱ्हाईक कोण होतं, तर आधी देव आणि राजा. देवळांतले पडदे आणि तोरणं, मिरवणुकीतल्या छत्र्या, नाटकमंडळींचे पोशाख, दरबाराची वस्त्रं. बादशहाच्या झग्यावरच्या ड्रॅगनला पाच नख्या. त्याचं अंग कलाबतूने भरायचं. पण जरीची तार कापडातून आरपार नेली तर ती तुटते, म्हणून ती वर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी जागच्या जागी बांधतात. १९४५ मध्ये शेवटचा बादशहा बाओ दाय पायउतार झाला आणि हे गिऱ्हाईक कायमचं गेलं. पुढे सहकारी संस्थांमार्फत सोव्हिएत संघाकडे आणि पूर्व युरोपकडे माल जाऊ लागला. १९९१च्या सुमारास तीही बाजारपेठ कोसळली. त्यानंतर जपानी किमोनोंची कामं आली, भिंतीवर लावायची रेशमी चित्रं आली.

याच भागातल्या दोंग कुऊ गावाचा देव मात्र टिकला. मातृदेवतांच्या उपासनेत अंगात येणारी व्यक्ती एकामागून एक देवतांचे झगे पालटते, आणि प्रत्येक देवतेचा रंग वेगळा. २०१६ मध्ये युनेस्कोने ही उपासना मानवी वारशाच्या यादीत घेतली. झग्यांना मागणी भरपूर, म्हणून दोंग कुऊमध्ये भरतकामाची यंत्रंही भरपूर. यंत्राला मी दोष देणार नाही. त्याने कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली आहे. पण यंत्राचा टाका एकाच ताणाचा असतो, आणि ड्रॅगनचा खवला फुगतो तो ताण कमी-जास्त झाल्यामुळे. याच गावचे वू वान ज्योय राजवस्त्रं पुन्हा घडवण्यासाठी ओळखले जातात. जीर्ण झग्यांचा अभ्यास करून त्यांनी जुनी रीत शोधली. तिथेही पुन्हा तेच: कापडाजवळ बसून टाका कुठून आला ते पाहणं.

तरुण हात आता कारखान्यांकडे वळतात. तिथे महिन्याला ठरलेला पगार आहे. इथे एका मोठ्या चित्राला कित्येक महिने लागतात आणि डोळे जातात ते वेगळंच. त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. मात्र या कामाची किंमत तासांत मोजून देणारं गिऱ्हाईक मिळालं, तर त्यातले काही परततील, असं मला मनापासून वाटतं.

ले कोंग हान्ह यांची पुण्यतिथी चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी असते. व्हिएतनामी महिना अमावास्येच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे हा दिवस पुष्कळदा आपल्या आषाढी एकादशीलाच येतो. २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला तसंच झालं. इकडे पंढरपुरात वारी पोचलेली असते, आणि त्याच दिवशी तिकडे सुईवर जगणारी माणसं आपल्या मूळपुरुषापुढे उदबत्त्या लावतात.